नवी माइल्ड हायब्रिड एसयूव्ही येतेय? बुकिंगआधी एवढे पाहून घ्यावे

सणासुदीचा मोसम जवळ आला की गाडी कंपन्यांचे टीझर सुरू होतात. अंधारात बोनेटची एक रेघ चमकते, दिवे लुकलुकतात आणि शेवटी पडद्यावर शब्द उमटतो, ‘हायब्रिड’. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपला लगेच जाग येते. एकजण म्हणतो, जुनी गाडी अजून दोन महिने ओढू, नवी येऊ दे. दुसरा विचारतो, हिला रात्री चार्जिंगला लावायची का? तिसऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो, ॲव्हरेज किती देते? या तिन्ही गोष्टींचा उलगडा होण्याआधीच शोरूममधून फोन येतो: “सर, बुकिंग सुरू झालंय, टोकन भरून ठेवा, नंतर वेटिंग वाढेल.”

अशा वेळी मारुती सुझुकीच्या ग्रँड विटाराचा इतिहास आठवावा. या गाडीचे बुकिंग ११ जुलै २०२२ रोजी ११,००० रुपयांत खुले झाले. गाडीचे रूप लोकांना दिसले ते २० जुलैला. किंमत जाहीर झाली थेट २६ सप्टेंबरला. म्हणजे पहिल्या दिवशी पैसे भरणाऱ्यांनी गाडी पाहिली नव्हती आणि पुढचे अकरा आठवडे तिची किंमतही त्यांना ठाऊक नव्हती. यात गैर काही नाही, बाजाराची ही रीतच आहे. मात्र हा मधला काळ नुसता वाट पाहण्यात घालवायचा की गृहपाठ करण्यात, हे ग्राहकाच्या हाती असते. माइल्ड हायब्रिडच्या बाबतीत तर हा गृहपाठ फारच उपयोगी पडतो, कारण एकाच नावाखाली बरेच वेगवेगळे प्रकार विकले जातात.

बोनेटखाली नेमके काय असते

साध्या पेट्रोल गाडीत इंजिनाच्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरत असतो. गॅरेजच्या भाषेत तो डायनामो. त्याचे काम बॅटरी चार्ज करण्याचे. माइल्ड हायब्रिडमध्ये त्याच्या जागी थोडे मोठे यंत्र बसवतात, इंटिग्रेटेड स्टार्टर जनरेटर, थोडक्यात आयएसजी. हे यंत्र दोन्हीकडून काम करते. ब्रेक लावला किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ते वीज तयार करते. गाडी जोर मागते तेव्हा तीच वीज वापरून इंजिनाला हातभार लावते. सिग्नलला बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचे कामही त्याचेच. पट्ट्याने फिरवत असल्याने स्टार्टरचा तो नेहमीचा खर्र आवाज येत नाही.

एवढेच. नुसत्या विजेवर ही गाडी चालत नाही. तिला प्लग नसतो, तेव्हा रात्री चार्जिंगला लावण्याचा प्रश्नच येत नाही.

आता बॅटरीचा आकार पाहू. ग्रँड विटाराच्या माइल्ड हायब्रिड प्रकारात नेहमीच्या बॅटरीच्या जोडीला १२ व्होल्ट, ६ अँपिअर-अवरची छोटी लिथियम-आयन बॅटरी असते. गुणाकार केला तर ७२ वॉट-अवर होतात, म्हणजे साधारण एका लॅपटॉपच्या बॅटरीइतकी साठवण. याच गाडीच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात ती सुमारे ७६० वॉट-अवर, म्हणजे दसपट आहे. तो प्रकार कमी वेगात काही अंतर फक्त विजेवर जातो. माइल्ड हायब्रिडला ते जमत नाही. खंबाटकी घाट चढताना माइल्ड हायब्रिडची विजेची मदत काही क्षणांत संपते आणि पुढचा चढ इंजिनालाच चढायचा असतो.

गंमत म्हणजे ग्रँड विटाराच्या या दोन प्रकारांत इंजिनेही वेगळी आहेत. माइल्ड हायब्रिडला मारुतीचे १४६२ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, तर स्ट्राँग हायब्रिडला टोयोटाच्या घराण्यातले १४९० सीसीचे तीन सिलिंडरचे. एआरएआयच्या चाचणीतला ॲव्हरेजचा आकडा माइल्ड मॅन्युअलसाठी लिटरला २१.११ किलोमीटर, स्ट्राँगसाठी २७.९७. तेव्हा “शेजाऱ्यांची हायब्रिड सत्तावीस देते” हे ऐकून कुणी माइल्डचे बुकिंग केले, तर पहिल्याच महिन्यात त्याची निराशा होणार. शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच असावा: माइल्ड की स्ट्राँग? कोटेशनवर तसे स्पष्ट लिहून घ्यावे.

माइल्डमध्येही दोन पंगती आहेत. मारुतीची ‘स्मार्ट हायब्रिड’ यंत्रणा १२ व्होल्टची. एमजी हेक्टरने २०१९ मध्ये पेट्रोलमध्ये ४८ व्होल्टची यंत्रणा आणली होती. टोयोटाने जून २०२५ मध्ये फॉर्च्युनरच्या डिझेल इंजिनाला ‘निओ ड्राइव्ह’ नावाने ४८ व्होल्टची जोड दिली. मर्सिडीज जीएलसी किंवा व्होल्वो एक्ससी६० मध्येही ४८ व्होल्टच असतात. व्होल्टेज जास्त असले की ब्रेकमधून जास्त वीज परत मिळवता येते आणि मोटर इंजिनाला अधिक जोर देऊ शकते. नव्या गाडीच्या पत्रकात ‘हायब्रिड’ हा शब्द ठळक असतो, व्होल्टेज मात्र तांत्रिक तक्त्यात कुठेतरी बारीक अक्षरात. ते शोधून वाचावे.

ॲव्हरेजचा खरा फरक किती

माइल्ड हायब्रिडने इंधन किती वाचते, याचे उत्तम उदाहरण मारुतीच्याच ब्रेझाने नकळत घालून दिले. २०२२ ची नवी ब्रेझा सगळ्या पेट्रोल मॉडेलमध्ये स्मार्ट हायब्रिडसह आली होती. जुलै २०२३ मध्ये कंपनीने मॅन्युअल गिअरच्या मॉडेलमधून ही यंत्रणा काढून घेतली. इंजिन तेच, गाडी तीच. एआरएआयचा आकडा मात्र लिटरला १७.३८ वर आला. त्याआधी तो मॉडेलनुसार १९.८९ ते २०.१५ होता. ऑटोमॅटिकमध्ये यंत्रणा कायम राहिली आणि तिचा १९.८० हा आकडाही. पुढे वरच्या मॅन्युअल मॉडेलमध्ये ही यंत्रणा परत आली. हेक्टरमध्येही असाच फरक दिसत होता: साधी पेट्रोल मॅन्युअल १४.१६, तर हायब्रिड १५.८१.

म्हणजे चाचणीत दहा-पंधरा टक्के फरक पडतो. पण चाचणी कशी होते हेही पाहायला हवे. पुण्यात वेताळ टेकडीवर ज्या एआरएआयचे आवार आहे, त्या संस्थेचे नाव या आकड्याला चिकटले आहे. चाचणी मात्र रस्त्यावर होत नाही. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर ठरलेल्या क्रमाने चालवतात. वेग ९० च्या वर जात नाही आणि मध्येमध्ये गाडी थांबलेलीही असते. थांबलेल्या वेळात इंजिन बंद राहिले की माइल्ड हायब्रिडचे गुण वाढतात. खऱ्या रस्त्यावर एसी असतो, घरची पाच माणसे असतात, पंपावरचे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. तेव्हा पत्रकातला आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता वापरावा. महिन्याच्या पेट्रोलचा अंदाज त्यावरून बांधू नये.

आता पैशांचा हिशेब. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी गाडी धरली, तर १७.३८ च्या दराने ६९० लिटर पेट्रोल लागते आणि १९.८९ च्या दराने ६०३ लिटर. फरक ८७ लिटरचा. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाची बचत सुमारे ९,००० रुपये. प्रत्यक्षात याच्या निम्मी बचत झाली, तर साडेचार हजार. आता समजा, हायब्रिड मॉडेलसाठी साठ हजार रुपये जास्त मोजावे लागले. चाचणीच्या आकड्यांनी ते फिटायला साडेसहा-सात वर्षे लागतील आणि निम्म्या बचतीने तेरा. अर्थात वरच्या मॉडेलमध्ये सनरूफ, कॅमेरा, चांगल्या सीटही मिळतात. त्या हव्या असतील तर ते पैसे त्यांच्या खात्यात लिहावेत. पेट्रोलच्या बचतीने ते वसूल होतील, असे गृहीत धरू नये.

गाडी कुठे चालणार, यावर फरक आणखी बदलतो. हिंजवडी ते हडपसर रोज सिग्नल-सिग्नल करत जाणाऱ्याला ही यंत्रणा पदोपदी उपयोगी पडते, कारण गाडी सारखी थांबते आणि सारखा ब्रेक लागतो. महिन्यातून चार वेळा समृद्धी महामार्गावरून नागपूर गाठणाऱ्याला तिचा लाभ थोडाच. एका वेगाने तासन् तास गाडी चालली की ना इंजिन बंद करण्याची वेळ येते, ना ब्रेकमधून वीज मिळते.

रोजचे धावणे पन्नास-साठ किलोमीटरच्या वर असेल, तर सीएनजीचा आकडाही शेजारी मांडावा. ब्रेझा सीएनजीचा एआरएआय आकडा किलोला २५.५१ किलोमीटर आहे. सीएनजी ८५ रुपये किलो धरला तर किलोमीटरला सव्वातीन-साडेतीन रुपये पडतात. पेट्रोल हायब्रिडला सव्वापाच. बदल्यात डिकीत टाकी येते आणि पंपावर रांग लागते. व्हिक्टोरिसमध्ये मारुतीने ही टाकी गाडीच्या तळाखाली नेऊन डिकी मोकळी ठेवली आहे. हायब्रिड आणि सीएनजी एकाच मॉडेलमध्ये मिळतील असे धरून चालू नये, ते विचारून घ्यावे.

सरकारी सवलतीची आशा किती धरावी

‘हायब्रिड आहे, म्हणजे टॅक्स कमी असेल’ हा समज अजून टिकून आहे. त्याला इतिहास आहे. केंद्राची फेम योजना एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा माइल्ड हायब्रिडलाही तिचा लाभ मिळत होता. मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगाची एसएचव्हीएस, म्हणजे माइल्ड हायब्रिड, डिझेल मॉडेल त्याच काळात आली. एप्रिल २०१७ पासून माइल्ड हायब्रिडला त्या योजनेतून वगळले. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिड गाड्यांची नोंदणी करमुक्त केली, तीसुद्धा स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडपुरती. महाराष्ट्रात रोड टॅक्सची आणि ठरावीक मार्गांवरच्या टोलची माफी आहे ती इलेक्ट्रिक गाड्यांना. माइल्ड हायब्रिडची नंबर प्लेट साधी पांढरी, आणि तिचा कर साध्या पेट्रोल गाडीचा.

जीएसटीमध्येही बॅजपेक्षा गाडीची लांबी आणि इंजिनाचा आकार महत्त्वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत बसते, मग ती हायब्रिड असो वा नसो. यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली, तर ४० टक्के. फ्राँक्स आणि ब्रेझा या दोघींची लांबी सारखीच, ३,९९५ मिलिमीटर. फ्राँक्सचे स्मार्ट हायब्रिड टर्बो इंजिन ९९८ सीसीचे म्हणून तिला १८ टक्के. ब्रेझाचे १४६२ सीसीचे म्हणून तिला ४० टक्के. येणाऱ्या गाडीची किंमत जाहीर होण्याआधी लांबी आणि सीसी कळली, तर ती कोणत्या खान्यात जाणार याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

त्यावर राज्याचा कर. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के रोड टॅक्स बसतो. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. दहा लाखांच्या वर एक टक्का टीसीएसही, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, भरावा लागतो. तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, पण गाडी घेताना रोख द्यावाच लागतो. त्यामुळे ९ लाख ९५ हजार आणि १० लाख ५ हजार या दोन एक्स-शोरूम किमतींत दिसायला दहा हजारांचा फरक असला, तरी ऑन-रोड तो एकतीस हजारांच्या पुढे जातो. जाहिरातीतली ‘सुरुवातीची किंमत’ पाहून बजेट ठरवणाऱ्याने हे आधीच धरावे.

थांबावे की आहे ती घ्यावी

जुनी गाडी नीट चालत असेल, तर थांबण्यात नुकसान नाही. नवे मॉडेल जवळ आले की जुन्या मॉडेलच्या स्टॉकवर सूट मिळू लागते, आणि वर्षाला पाच-सात हजार किलोमीटरच चालवणाऱ्याला पेट्रोलच्या बचतीपेक्षा ती सूट अधिक लाभाची ठरू शकते. दर महिन्याला दुरुस्तीचे बिल भरावे लागत असेल, तर मात्र केवळ टीझरच्या भरवशावर गाडी ओढत राहू नये. तारीख, किंमत आणि डिलिव्हरी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी ठरतात. ग्रँड विटाराचे उदाहरण वर आलेच आहे.

पहिल्या खेपेच्या गाड्यांबाबतही थोडे सबुरीने घ्यावे. ग्रँड विटारा सप्टेंबर २०२२ अखेर बाजारात आली. डिसेंबरमध्ये मारुतीने ती आणि ब्रेझा, सियाझ, अर्टिगा, एक्सएल६ मिळून ९,१२५ गाड्या पुढच्या सीटबेल्टच्या एका भागासाठी तपासणीला परत बोलावल्या. अशी दुरुस्ती कंपनी मोफत करते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. तरी ज्याला वर्कशॉपच्या चकरा नको असतात, त्याने पहिली तीन-चार महिन्यांची लाट जाऊ द्यावी. तोवर रस्त्यावरचे खरे ॲव्हरेजही कळते. सुरक्षेचे तारे आधी मिळाले असतील तर उत्तमच. सप्टेंबर २०२५ मध्ये व्हिक्टोरिस आली, तीच भारत एनकॅपचे पाच तारे घेऊन. नव्या गाडीला ते अजून मिळाले नसतील, तर चाचणी झाली आहे का हे विचारून ठेवावे.

टेस्ट ड्राइव्ह सिग्नलवरच घ्यावी

शोरूमचा माणूस टेस्ट ड्राइव्हला मोकळ्या रस्त्यावर नेतो. तिथे माइल्ड हायब्रिड आणि साधी पेट्रोल यांतला फरक जवळपास कळतच नाही. आग्रह धरून गाडी गर्दीच्या चौकात न्यावी, दुपारी, एसी सुरू ठेवून.

मॅन्युअल गाडी असेल तर सिग्नलला न्यूट्रल करून क्लचवरून पाय काढावा. आरपीएमचा काटा शून्यावर येतो, इंजिन शांत होते. मग सेकंद मोजावेत. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर असेल, तर इंजिन बंद झाल्यावर पंखा फक्त उरलेला गारवा फिरवतो. आतली हवा तापली की यंत्रणा सिग्नल सुटण्याआधीच इंजिन आपोआप सुरू करते. नागपूरच्या मे महिन्यात हे फार लवकर होते, डिसेंबरात क्वचितच. म्हणजे उन्हाळ्यात या सोयीचा लाभ कमीच होणार, हे गृहीत धरावे. क्लच दाबल्यावर इंजिन किती चटकन आणि किती कमी हादऱ्याने सुरू होते, हेही पाहावे. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक सोडताच गाडी पुढे सरकते की क्षणभर अडखळते, हे दोन-चार सिग्नलवर करून बघावे. चढावर थांबून पुन्हा निघणे हा यातला सर्वांत अवघड पेपर.

काहींना इंजिनाचे हे सारखे बंद-चालू होणे आवडत नाही. त्यासाठी डॅशबोर्डवर एक बटण असते, गोल बाणात ‘ए’ अक्षराचे. ते दाबून सोय बंद करता येते. मात्र बऱ्याच गाड्यांत चावी पुन्हा फिरवली की ती पुन्हा सुरू होते. घरात दुसरा चालक असेल तर त्यालाही टेस्ट ड्राइव्हला न्यावे. कारण ज्याला ही सोय खटकेल तो रोज बटण दाबेल, आणि हायब्रिडच्या निम्म्या लाभावर पाणी पडेल.

डिकीही उघडून बघावी. माइल्ड हायब्रिडची बॅटरी छोटी असल्याने सामानाची जागा जात नाही. ग्रँड विटाराच्या माइल्ड प्रकारात ३७३ लिटरची डिकी आहे, स्ट्राँगमध्ये मोठ्या बॅटरीमुळे २६५ लिटरची. कोकणात गणपतीला जाणाऱ्या कुटुंबाला हा शंभर लिटरचा फरक जाताना जाणवतो आणि येताना फणसपोळी-नारळ भरताना त्याहून जास्त.

बुकिंगपासून डिलिव्हरीपर्यंत

टोकन भरण्याआधी पावतीवर चार गोष्टी असाव्यात: मॉडेलचे पूर्ण नाव, गिअरचा प्रकार, रंग, आणि बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल. मध्ये किंमत वाढली तर बुकिंगच्या दिवशीची लागणार की डिलिव्हरीच्या दिवशीची, हेही विचारावे. बहुधा डिलिव्हरीच्या दिवशीचीच लागते. कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ असे काही दिसले, तर त्याची फोड मागावी. विमा शोरूमकडूनच घ्यावा अशी सक्ती नसते. बाहेरून कोट आणून तुलना करावी.

वॉरंटीचे कागद नीट वाचावेत. आयएसजी, पट्टा आणि जोडीची लिथियम बॅटरी यांना किती वर्षांची हमी आहे, हे स्वतंत्रपणे विचारावे. मुख्य १२ व्होल्टची बॅटरीही वारंवार इंजिन सुरू करण्याचा ताण सोसणारी, स्टार्ट-स्टॉप गाड्यांसाठी बनवलेली असते. काही वर्षांनी ती बदलताना साध्या बॅटरीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात, आणि स्वस्त पर्याय बसवला तर ऑटो-स्टॉप नीट चालत नाही. वायरिंग कापून बसवलेले जास्तीचे दिवे, हॉर्न किंवा म्युझिक सिस्टीम यांमुळे वॉरंटीवर गदा येऊ शकते. अशी कामे अधिकृत ठिकाणीच करावीत.

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय तृतीया या दिवशी शोरूमच्या दारात गाड्यांची रांग असते. पेढे, नारळ, हार, फोटो, आणि मागे पुढच्या गाडीवाल्याची घाई. त्या गडबडीत गाडी तपासणे होत नाही. त्यासाठी पासिंग होण्याआधीच गाडी यार्डात जाऊन दिवसाच्या उजेडात बघावी. चासी नंबर कागदाशी जुळवावा, उत्पादनाचा महिना-वर्ष विचारावे, ओडोमीटर पाहावा, टायरवरची तारीख वाचावी, पॅनेलवरचा रंग आणि काचांचे क्रमांक न्याहाळावेत. इंजिन सुरू करून ऑटो-स्टॉप एकदा चालवून बघावे. यार्डात बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली असते आणि मग ऑटो-स्टॉप लागत नाही. तसे आढळले तर बॅटरी चार्ज करून, तपासून देण्याचे शोरूमकडून लेखी घ्यावे. एवढे झाले की मग मुहूर्ताच्या दिवशी फक्त चावी घ्यायची उरते.